विनाधक्का माहेर

धनेंद्र पटले सरांची गाडी घरासमोर उभी राहत नसे. ती तलावाच्या पाळीवर, उताराकडे तोंड करून उभी असे आणि तिच्या पुढच्या चाकाखाली अर्धी वीट लावलेली असे. वीट काढली, की गाडी आपणहून घरंगळायची. सर दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचे आणि पाळ संपायच्या आत इंजिन दोन-तीनदा खोकून जागं व्हायचं. गाडी किल्लीनं सुरू होते, असं अर्जुनी मोरगावच्या लोकांनी ऐकलं होतं, पण सरांच्या बाबतीत ते कुणी पाहिलं नव्हतं.

गाडी परदेशी होती, लाल होती, बुटकी होती आणि तिला दोनच सिटा होत्या. तिचे पुढचे दिवे एरवी बॉनेटमध्ये झाकलेले असत. बटण दाबलं, की झाकण उघडून ते वर येत. वयाच्या बाविसाव्या वर्षी सर मुलाखतीसाठी नागपूरला गेले असताना एका चौकात त्यांनी अशी गाडी पाहिली होती. तिनं त्यांच्यासमोर डोळे उघडले आणि ती सिग्नल सुटताच निघून गेली. मुलाखतीत काय विचारलं ते सरांना आज आठवत नाही, गाडी मात्र आठवते. मग नोकरी, बहिणीचं लग्न, घर, मुलगी रुचिचं शिक्षण असं करता करता तीस वर्षं गेली. त्रेपन्नाव्या वर्षी सरांनी तसलीच एक गाडी शोधून आणली, तेव्हा ती गाडी रुचिहूनही दहा वर्षांनी मोठी होती.

सर शाळेत विज्ञान शिकवत. वीज हा त्यांचा हातखंडा विषय. पण पुस्तकातली वीज एका टोकाला शिरते आणि दुसऱ्या टोकाला निघते. सरांच्या गाडीतली वीज मनाला येईल तिकडे जायची. हॉर्न दाबला की डावा दिवा वर यायचा. ब्रेक दाबला की वायपर एकदा फिरायचा. भूमेश्वरीबाईंच्या बाजूची काच खाली जायची ती वर यायची नाही आणि त्यांच्या बाजूचं दार आतून उघडायचं नाही. रेडिएटरचा पंखा आपोआप लागत नव्हता म्हणून गावातल्या राजदीप मिस्त्रीनं त्याला जुन्या कूलरचं बटण बसवून दिलं होतं. त्यावर अजून 'पानी' आणि 'हवा' असं लिहिलेलं होतं.

गेल्या सहा महिन्यांत भूमेश्वरीबाईंनी या गाडीला चार वेळा धक्का मारला होता. एकदा बाजारात, एकदा बँकेसमोर, एकदा शाळेच्या फाटकात आणि एकदा चिखलात. चौथ्या वेळेनंतर त्यांनी भंगारवाल्या छोटेलालला निरोप धाडला. छोटेलाल येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेला. त्या रात्री सर जेवले नाहीत. तेव्हा भूमेश्वरीबाईंनाच दया आली आणि त्यांनी अट घातली.

"भाऊबीजेले मले माह्या माहेरी न्या अन परत घरी आना. रस्त्यात एका मानसाचा जरी धक्का लागला, तर दुसऱ्या दिवशी गाडी छोटेलालची."

"अन नाही लागला तर?"

"तर राहू द्या तुमची सवत घरी."

माहेर म्हणजे पिपरटोला, देवरीच्या अलीकडे. जायला साठेक किलोमीटर आणि यायला तेवढंच. सरांनी आठवडाभर राजदीपच्या दुकानात मुक्काम ठोकला. राजदीपनं जमेल ते सगळं घट्ट केलं आणि शेवटी म्हणाला, "सर, गाडी पोचन. फक्त मंधात बंद नका करू. बॅटरी दम धरून नाही राहत."

भाऊबीजेच्या सकाळी भूमेश्वरीबाई नव्या जरीच्या साडीत, मांडीवर अनरशांचा डबा घेऊन गाडीत बसल्या. दोनच सिटा असल्यामुळे रुचि घरी राहणार होती आणि तिला त्याचं अजिबात दुःख दिसत नव्हतं. तिनं वीट काढली. गाडी घरंगळली, खोकली, लागली. सरांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू धावपट्टी सोडून ते आकाशात गेले होते.

"अजून रेल्वेचं फाटकच नाही आलं," भूमेश्वरीबाई म्हणाल्या.

फाटक आलं आणि ते बंद होतं. मालगाडी येणार होती, पण ती कुठून तरी लांबून, सावकाश येत होती. पुढेमागे ट्रॅक्टर, मोटारसायकली उभ्या. सगळ्यांनी गाड्या बंद केल्या. सरांना बंद करायची सोय नव्हती. उभ्या गाडीचं इंजिन तापू लागलं, काटा लालकडे सरकला. सरांनी कूलरचं बटण 'हवा'वर केलं. पंखा फिरला, पण त्याबरोबर इंजिनाचा आवाज असा खोल गेला, की बॅटरी शेवटचा श्वास घेतेय असं त्यांना वाटलं. त्यांनी पंखा बंद केला. आता उरला एकच उपाय, हीटर. इंजिनाची उष्णता गाडीच्या आत घेतली, की इंजिन निवतं. विज्ञानाला धरून होतं ते.

"अजी, पायाजवळ आग लागली का?"

"हीटर लावला. इंजिनचं टेम्परेचर कमी होते त्यानं."

"अन माहं?"

"दहा मिनटं. काच खालीच हाय नं तुह्याकडची."

मालगाडी अठ्ठावन्न डब्यांची होती. सरांनी ते मोजले, कारण बायकोकडे पाहण्यापेक्षा डबे मोजणं बरं होतं. फाटक उघडलं तेव्हा काटा खाली आला होता, पण हीटरचा खटका आता बंद व्हायला तयार नव्हता. भूमेश्वरीबाईंनी अनरशांचा डबा खाली ठेवून पाय त्यावर घेतले आणि दिवाळीचा प्रवास सुरू झाला.

नवेगावबांधपर्यंत गाडी छान धावली. दोन्हीकडे कापणीला आलेलं धान, मोकळा रस्ता, इंजिनाचा भरदार आवाज. सरांना इतका आनंद झाला, की ते गुणगुणू लागले. नेमक्या त्याच वेळी वळणावर गाई आल्या. गोधनाच्या सणाला रंगवलेली शिंगं, गळ्यात झेंडू, आणि सगळ्या सावकाश. सरांनी हॉर्न दाबला. डावा दिवा टुणकन वर आला. गाईंनी एकदा दिव्याकडे पाहिलं आणि त्या बाजूला झाल्या. सरांनी हॉर्नवरचा हात काढला. हॉर्न मात्र वाजतच राहिला.

त्यांनी तो थोपटला, उपटला, शेवटी त्यावर बुक्की मारली. हॉर्नच्या सुरात काही फरक पडला नाही. एका हातानं त्यांनी राजदीपला फोन लावला.

"राजदीप! हॉर्न अडकला! फ्यूज काढू का?"

"नका काढू सर!" राजदीप तिकडून ओरडला. "पेट्रोलचा पंप त्याच फ्यूजवर हाय. फ्यूज निघाला का गाडी बंद."

"दोन्ही एकावर काऊन टाकले गा?"

"तुमीच तर म्हनले, दोनाचं काम एकात कर!"

"मंग आता करू काय?"

"पोचतवर वाजू द्या. तिथं गाडी बंद केली का हॉर्नची वायर उपटा."

अशा रीतीनं पटले सर एक डोळा उघडा ठेवून, अखंड भोंगा वाजवत कोहमाऱ्याहून महामार्गाला लागले. ट्रकवाले आदरानं बाजूला होत होते. त्यांना वाटत होतं, पुढे कुणीतरी अत्यवस्थ आहे. भूमेश्वरीबाईंचा चेहरा पाहून त्यांची खात्रीही पटत होती.

महामार्ग सोडून पिपरटोल्याच्या रस्त्याला लागल्यावर अलीकडच्याच गावी मंडई भरली होती. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई असते. दिवसा जत्रा, पाहुणे, खाणंपिणं आणि रात्री नाटक. नाटकाची जाहिरात करत गाडी गावात फिरते, आणि ती गाडी जेवढी बोंबलेल तेवढं नाटक मोठं, असा लोकांचा हिशेब असतो. तेव्हा लाल, चकचकीत, एक डोळा वर केलेली आणि थांबायचं नाव न घेता बोंबलणारी गाडी गावात शिरल्यावर मंडईतली माणसं जिलेबी टाकून धावत आली, यात त्यांची काही चूक नव्हती.

"नाटकाची गाडी आली रे!"

"हिरो पाय नं, म्हातारा दिसते."

"मेकअप नाही केला गा अजून!"

गर्दीनं रस्ता भरला. सरांना थांबावं लागलं. ब्रेक दाबताच वायपर फिरला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक पागोटेवाला भूमेश्वरीबाईंच्या उघड्या खिडकीत वाकला आणि हॉर्नच्या वरताण ओरडून म्हणाला, "म्याडम, आज रोल कोनता तुमचा?"

घामानं थबथबलेल्या भूमेश्वरीबाई म्हणाल्या, "बायकोचा!"

"सामाजिक हाय मंग नाटक," तो मागच्यांना सांगू लागला. "रडवते हे बाई. आतापासूनच तयारीत हाय."

एवढ्यात गाडी गर्दीत अडकलीय हे पाहून पाच-सहा तरणेताठे पुढे झाले. "सरका रे, धक्का मारून देऊ यायले!" म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. सरांनी डोकं बाहेर काढलं.

"हात नका लावू! कोनी हात नका लावू! तुमच्या पाया पडतो!"

लोक दचकून मागे सरले. रस्ता मोकळा झाला, सरांनी गाडी काढली. मागून पागोटेवाल्याचा आवाज आला, "काय आवाज हाय! माईक नाही लागत त्याले!"

पिपरटोला आलं. गावाच्या तोंडाशीच बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती आणि तिला सरांच्या नशिबानं उंच पाळ होती. सरांनी गाडी पाळीवर चढवली, उताराकडे तोंड केलं, चाकाखाली दगड लावला आणि किल्ली काढली. हॉर्न बंद झाला. इतकी शांतता झाली, की तळ्यातलं बदक पोहताना ऐकू आलं. सरांनी हॉर्नची वायर उपटली. दिवा मात्र वरच राहिला. मग धावत वळसा घालून त्यांनी बायकोचं दार बाहेरून उघडलं. भांडी घासणाऱ्या दोन बायका पाहत होत्या.

"पाय वं, जवाई कसे दार उघडून देते," एक म्हणाली. "आमच्याकडचा उभ्या जन्मात नाही उघडनार."

घराकडे चालताना सर हळूच म्हणाले, "अर्धी अट पुरी झाली."

"अर्धी," बाई म्हणाल्या.

माहेरी धाकटा भाऊ दुलीचंद आणि आई रुख्माबाई वाट पाहत होते. ओवाळणं झालं, वडे-सुवारीचं जेवण झालं, सरांना झोप लागली. एवढ्या शांत चित्तानं ते सहा महिन्यांत झोपले नव्हते.

दुलीचंद भला माणूस होता. भाटव्यांची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, गाडी पाळीवर उन्हात, धुळीनं माखून उभी आहे हे त्याला बघवेना. आदल्याच दिवशी गोधनाला त्यानं घरचं सगळं जनावर धुऊन, रंगवून पुजलं होतं. आज जावयाची गाडी तशीच ठेवायची म्हणजे पाहुण्याचा अपमान. ती किल्लीशिवाय चालणार नाही हे त्याला कळत होतं, म्हणून त्यानं आपल्या हल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी नेली, दोर बांधला आणि गाडी ओढत थेट अंगणात आणली. मग फवारणीच्या पंपात पाणी भरून त्यानं ती आतून-बाहेरून धुतली. बॉनेटखालची माती तर त्यानं विशेष लक्ष घालून काढली. शेवटी तांदळाच्या पिठाचे पंजे उमटवले, झेंडूची माळ घातली आणि वर आलेल्या दिव्याच्या झाकणाला शिंगासारखा गेरू लावला.

सर उठून बाहेर आले आणि खांबाला धरून उभे राहिले. गाडी सपाट अंगणाच्या मधोमध उभी होती. चहूबाजूंनी पाणी गळत होतं.

"दुलीचंद," सर म्हणाले, "हे कोनं केलं?"

"मीच जी, भाटवे!" दुलीचंद लाजून म्हणाला. "काही खास नाही. जनावराले करतो तसंच केलं."

"धक्का मारला?" सरांनी विचारलं. "मानसानं धक्का मारला का?"

"मानूस कायले? हल्ये हायत नं!"

सरांनी भूमेश्वरीबाईंकडे पाहिलं. त्या ओट्यावर सुपारी कातरत बसल्या होत्या. "हल्ये चालते," त्या म्हणाल्या. "मी मानसाचं म्हनलं होतं."

सरांनी किल्ली फिरवली. गाडीनं 'टक्' असा एक आवाज केला. दुसऱ्यांदा तोही केला नाही. पुन्हा राजदीपला फोन गेला. फवारणी पंपाचं त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत पानी गेलं सर. काळी टोपी हाय, वायरी निघते तिच्यातून. वायरींवर नंबर टाका, टोपी काढा, पुसा, शेकून वाळवा. पन बॅटरी गेली. कोनी ढकलल्याबिगर नाही लागायची."

टोपी रुख्माबाईंनी चुलीजवळ शेकली, पोराला धुरी द्यावी तशा मायेनं. ती बसवून होईस्तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. बारा जण धक्का मारायला तयार. बारा जणांना सर हात जोडून मागे सारत होते. तीन वाजून गेले होते. सरांना छोटेलालचा तराजू डोळ्यांपुढे दिसू लागला आणि ते खरोखर रडायच्या बेतात आले. तीस वर्षं वाट पाहिलेली वस्तू सहा महिन्यांत भंगारात जायची, तीही इतकी धुऊनपुसून!

"दुलीचंद," ते एकदम म्हणाले, "हल्ये पुन्हा लाव. घराच्या मागं वाट हाय नं सरळ?"

रेडे जुंपले, सर गाडीत बसले. दुलीचंदनं हाकारा केला. गाडी हलली, सरांच्या पायाखाली ब्रेक दबला, बॅटरीतल्या उरल्यासुरल्या धुगधुगीवर वायपर फिरला आणि त्या झटक्यात गेरू लावलेला दिवा आपलं झाकण आपटत वरखाली होऊ लागला. रेड्यांनी मागे पाहिलं. लाल शिंग हलवणारं ते जनावर आपल्या अंगावर येतंय हे कळताच त्यांनी गाडीसकट बाभळीकडे धाव घेतली. दुलीचंदनं कसंबसं आवरलं.

"भाटवे, हे दिवा कोनीतरी दाबून धरल्याबिगर नाही चालनार हल्ये."

"मंग धर तू."

"मी हल्ये धरू का दिवा? अन मानसाचा हात लागला तर बाईची अट हाय म्हनता."

"मी धरतो मंग. माहा हात चालन नं?" सरांनी बायकोला विचारलं.

"दाबा. ढकलू नका."

"मंग स्टेअरिंग कोन धरन?"

मग रुख्माबाई म्हणाल्या, "काहो जवाई, माही पोरगी हाय नं. बापाचा ट्रॅक्टर पाच सालं तिनंच चालवला. चिखलनीचा."

ही गोष्ट सरांना लग्नाच्या आधीपासून ठाऊक होती. पण तशा बायकोच्या पुष्कळ गोष्टी त्यांना ठाऊक होत्या आणि त्यातली कुठली उपयोगाची असेल, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ते म्हणाले, "ट्रॅक्टर वेगळा. हे नाजूक हाय. क्लच असा अलगद..."

भूमेश्वरीबाईंनी अडकित्ता खाली ठेवला, पदर खोचला आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

"दुली, हाक."

रेडे निघाले. बाजूनं दिव्यावर दोन्ही हात दाबून सर वाकून धावत होते. गाडीनं वेग घेतला. भूमेश्वरीबाईंनी क्लच सोडला, तो सरांना कळलाही नाही इतका बेतानं. इंजिन एकदाही न खोकता लागलं. बाईंनी ताबडतोब क्लच दाबून गाडी रेड्यांच्या मागे हातभर अंतरावर थोपवली. दुलीचंदनं दोर सोडला. सगळ्या अंगणानं टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास!" सर धापा टाकत म्हणाले. "आता उतर, मी..."

गाडी निघून गेली होती. झेंडूची माळ उडवत ती वाटेनं गेली, पाळीवर चढली, पलीकडे उतरली आणि धानाच्या बांध्यांआड दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत राहिला, खाली-वर, खाली-वर, गिअर बदलतानाचा. सरांच्या हातून तसा आवाज कधी निघाला नव्हता. पाऊण तासानं गाडी परत आली. भूमेश्वरीबाईंचे केस सुटले होते आणि पंचवीस वर्षांत सरांनी न पाहिलेलं हसू त्यांच्या तोंडावर होतं.

"गाडी काही वाईट नाही," त्या म्हणाल्या. "तुमी तिले लय तंगवता. बसा."

सर पलीकडच्या सिटवर बसले. दार बाहेरून लागलं. हीटर थेट त्यांच्या गुडघ्यांवर होता.

परतीच्या वाटेवर काहीही झालं नाही. फाटक उघडं होतं, काटा जागेवर होता, गाई नव्हत्या. दिवेलागणीला गाडी अर्जुनीच्या पाळीवर उभी राहिली. सर आत बसून राहिले, कारण दुसरा इलाज नव्हता. भूमेश्वरीबाईंनी वळसा घालून दार उघडलं.

"अट पुरी झाली," सर बाहेर येत म्हणाले. "एका मानसाचा धक्का नाही लागला. आता गाडी राहते नं?"

"राहते." बाईंनी किल्ली पदराला बांधली. "छोटेलालले सांगून द्या."

सर त्या दिवशी पोटभर जेवले. दोन दिवसांनी सकाळी ते वर्तमानपत्र वाचत बसले असताना बाहेर गडबड ऐकू आली. लाल गाडी पाळीवरून खाली, थेट घरासमोर सपाटीवर आणून उभी केली होती. स्टेअरिंगवर भूमेश्वरीबाई होत्या. शेजारी रुचि गॉगल लावून बसली होती.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"पिपरटोल्याची मंडई. दुलीचा फोन होता."

"मी कपडे बदलवून येतो."

"तुमी कुठं बसान? दोनच सिटा हायत," भूमेश्वरीबाई म्हणाल्या. "अन हे लागून नाही राहिली. या मागं, धक्का मारा."

सर चपला सारून मागे आले. हात गाडीला लावता लावता थबकले. "पन अट? धक्का लागला तर गाडी छोटेलालची म्हनली होतीस."

"ते तुमची गाडी होती तवा," भूमेश्वरीबाई म्हणाल्या.

सरांनी क्षणभर विचार केला. मग पाय रोवून त्यांनी धक्का मारला. सहा-सात पावलांत इंजिन लागलं. वळणावर बाईंनी ब्रेक दाबला, वायपर एकदा फिरला आणि गाडी निघून गेली. सर बराच वेळ तिकडे पाहत उभे होते. मग पाळीवर पडलेली अर्धी वीट उचलून त्यांनी ती आणली आणि संध्याकाळी लागेल म्हणून ओट्यावर नीट ठेवली.